आटे पुन्हा पाडताना

बोल्ट बाहेर आला तेव्हा त्याच्या खालच्या टोकाला एक चकचकीत तार गुंडाळलेली होती. पेनातल्या स्प्रिंगसारखी बारीक, अखंड, एकसारख्या वेढ्यांची. नखाने उचकटली तर सुटून हातात आली, आणि इतकी मऊ की दोन बोटांत सहज वाकली. ते ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव ठोकळ्याच्या, भोकातले आटे होते, मुळापासून कातरले जाऊन बोल्टाच्या दातांत बसून वर आलेले. मित्राच्या गाडीचं इंजिन उघडायला घेतलं होतं. रेडिएटरमधलं पाणी कुठे जातंय ते बरेच दिवस कळत नव्हतं. खाली थेंब पडत नव्हता, तेलात पांढरा फेस नव्हता, पण पातळी मात्र हळूहळू उतरत होती. ब्लॉकवरचं झाकण म्हणजे हेड. त्याच्या दहा बोल्टांपैकी नऊ सुटताना व्हायला हवा तो आवाज झाला. लांब दांड्यावर अंग टाकायचं, दांडा किंचित लवायचा आणि मग ‘टक्’ असा कोरडा आवाज होऊन बोल्ट सुटायचा. गिअरबॉक्सच्या बाजूचा, अगदी मागचा एक बोल्ट मात्र पाना लावताच मुकाट फिरला. पाणी कुठे जात होतं ते तिथेच कळलं. त्या कोपऱ्यात हेड दाबून धरणारं कुणी नव्हतंच.

मित्र शेजारी उभा होता. त्याने ती तार उजेडात धरली, मग भोकाच्या तोंडावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “म्हणजे आता ही जागा कायमची कच्चीच राहणार, नाही का?” मी लगेच “नाही रे” म्हणालो. उत्तर बरोबर होतं, आकड्यांनिशी सिद्ध करता येईल इतकं बरोबर. तरी त्याचा प्रश्न पुढे कितीतरी दिवस माझ्या मागे लागला. हेड आणि ब्लॉक यांच्यातली फट बंद करणाऱ्या गॅस्केटचे तुकडे खरवडताना, हेडची सपाटी तपासताना, रात्री हात धुताना, मधेच तो शब्द यायचा. कच्ची जागा. तो हे चिडून म्हणाला नव्हता. एखाद्याच्या आजाराबद्दल विचारावं तसा त्याचा स्वर होता, आणि म्हणूनच बहुधा मला तो झटकून टाकता आला नाही. शिवाय खरं सांगायचं तर माझी नजरही ब्लॉकच्या त्या कोपऱ्याकडे सारखी जायची. बाकीच्या नऊ भोकांकडे मी तशी पाहत नव्हतो.

आट्यांवर काय भार असतो याचा विचार बहुतेक जण करत नाहीत, कारण तो दिसत नाही. दहा मिमी जाडीचा बोल्ट घ्या, डोक्यावर 10.9 असा मजबुतीचा आकडा उमटवलेला. हेड बसवताना तो आवळला की तो ताणला जातो, अक्षरशः लांब होतो, आणि परत आखडायच्या ओढीने हेडला ब्लॉकवर दाबून धरतो. हा दाब एका बोल्टाचा साडेतीन टनांच्या आसपास असतो. दहा बोल्टांचे मिळून पस्तीस टन. खाली ऐंशी मिमी व्यासाच्या सिलिंडरमध्ये ज्वलनाचा दाब 70 बारपर्यंत चढला, तर तेवढ्या वर्तुळातून हेडला वर ढकलणारा धक्काही साडेतीन टनांचाच. इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्यांवर चालत असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला पंचवीस वेळा हे घडतं. आणि हे सगळं पेलायला प्रत्येक बोल्टाखाली काय असतं? दीड मिमीच्या अंतराने कातलेले तेरा-चौदा आटे. तेही सगळे सारखा भार घेत नाहीत. वरून पहिला आटा एकट्याने जवळजवळ तिसरा हिस्सा उचलतो, दुसरा त्याहून कमी, तिसरा आणखी कमी. तळाजवळचे आटे जवळपास मोकळेच असतात. म्हणून आटे जातात तेव्हा एकामागून एक जातात. पहिला कातरला गेला की त्याचा सगळा बोजा दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. हाताला हे कळेपर्यंत खाली सगळं आटपलेलं असतं.

पोलादाच्या बोल्टाला पोलादाचा नट असेल तर व्यासाएवढी पकड पुरते. हा ब्लॉक मात्र अ‍ॅल्युमिनियमचा. अ‍ॅल्युमिनियम मऊ, म्हणून तिथे व्यासाच्या दीडपट ते दुप्पट खोलीपर्यंत आटे ठेवतात. नव्या इंजिनाला ते पुरतातही. पण अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. शंभर मिमी लांबीवर ऐंशी अंश तापमान वाढलं की दोघांत सुमारे 0.09 मिमीचा फरक पडतो. ऐकायला हा आकडा क्षुल्लक वाटतो. पण तो बोल्ट आवळताना मुळात लांब झालेला असतो तो 0.3 मिमीच्या घरात. म्हणजे प्रत्येक वेळी इंजिन तापलं की आधीच ताणलेल्या बोल्टाला आणखी बराच ताण बसतो, आणि तो सगळा त्याच आट्यांवर. संध्याकाळी इंजिन थंड होतं, सकाळी पुन्हा तापतं. वर्षानुवर्षं. त्यात कूलंट बदललं गेलं नसेल तर त्यातली गंजरोधक द्रव्यं संपलेली असतात, आणि ते पाणी जर झिरपत बोल्टाच्या भोकात उतरलं तर पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्यात विजेची एक बारीक देवाणघेवाण सुरू होते. तिच्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. त्या मागच्या भोकात मी सळईला कापड गुंडाळून फिरवलं तेव्हा कापडावर पांढरट, पिठूळ भुकटी आली. आटे त्या दिवशी गेले नव्हते. ते कधीपासून जात होते.

हे मला महत्त्वाचं वाटतं, कारण आटे गेले की आपण शेवटचा पाना ज्याच्या हातात होता त्याच्याकडे बोट दाखवतो. पुष्कळदा ते अन्यायाचं असतं.

काही वेळा मात्र हाताचाच दोष असतो, आणि गंमत म्हणजे तो काळजीपोटी होतो. तेलाच्या सम्पचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा, ड्रेन प्लग हे त्याचं सगळ्यांत ठळक उदाहरण. दर वेळी तेल बदलताना माणूस मनात म्हणतो, गळायला नको, आणि आणखी थोडा आवळतो. पुढच्या वेळी दुसरा कुणी आणखी थोडा. तेल अडवण्याचं काम वॉशर करतो, जोर नव्हे. नवा वॉशर टाकला आणि ठरलेल्या टॉर्कवर, म्हणजे पिळण्याच्या ठरलेल्या जोरावर, थांबलं की थेंब येत नाही. पण प्लगला हात लावणाऱ्याला वॉशर दिसत नाही, त्याला फक्त भीती दिसते. सम्प अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर एक दिवस प्लग घट्ट व्हायच्या ऐवजी लोण्यासारखा फिरत राहतो. स्पार्क प्लगचंही तसंच. गरम हेडमधून घाईने काढायचे, तिरके धरून पान्यानेच फिरवायचे. जी गोष्ट पहिल्या तीन-चार फेऱ्यांत बोटांनी फिरत नाही ती पान्याने फिरवायची नाही, एवढा नियम पाळला तरी जगातली निम्मी भोकं वाचतील असं मला मनापासून वाटतं.

ज्या मिस्त्रींच्या हाताखाली मी टॅप, म्हणजे भोकात आटे कातायचं हत्यार, धरायला शिकलो, ते बोलायचे फार कमी. त्यांनी मला आधी निरुपयोगी पडलेल्या एका हेडवर नुसती भोकं पाडायला आणि आटे कातायला बसवलं. टॅपच्या दांड्याची दोन्ही टोकं सारख्या जोराने धरायची, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे घेताना आत कीस तुटतो तो तळव्याला जाणवतो, एक हलकीशी कुरकूर होते. अ‍ॅल्युमिनियमला रॉकेल लावायचे ते. त्या जागेला रॉकेलचा आणि गरम धातूचा मिळून एक वास असायचा, अंगरख्यात बसलेला, धुतला तरी न जाणारा. मी जोर लावू लागलो की ते माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवायचे. “टॅपला जाऊ द्या, तुम्ही नेऊ नका.” शिकाऊ पोरालाही ते अहो-जाहो करायचे. तेव्हा मला ते वाक्य कोड्यासारखं वाटायचं. टॅप सरळ लागला की तो स्वतःच स्वतःला आत ओढून घेतो, हाताने फक्त फिरवत राहायचं असतं, ही गोष्ट शब्दांतून नाही कळत. दांड्याचा भार अचानक हलका होतो तेव्हा कळते. आणि त्याच हातांना पुढे आटे जातानाची खूणही ओळखता येते: वाढत वाढत येणारा विरोध एकाएकी वाढायचा थांबतो.

अलीकडच्या हेड बोल्टांच्या बाबतीत ही खूण फसवी ठरू शकते, म्हणून तिच्याबद्दल थोडं थांबून लिहितो. हे बोल्ट ठरावीक टॉर्कपर्यंत आवळून पुढे नव्वद अंश, पुन्हा नव्वद अंश असे कोनात फिरवायचे असतात. शेवटच्या टप्प्यात पोलाद आपल्या लवचीकपणाची हद्द गाठतं आणि बोल्ट कायमचा लांब व्हायला लागतो. म्हणूनच असे बोल्ट पुन्हा वापरत नाहीत. त्या टप्प्यावरही विरोध वाढायचा थांबतो. बोल्ट बरोबर काम करत असतानाची आणि आटे कातरले जात असतानाची जाणीव सुरुवातीला अगदी सारखी असते. फरक पुढच्या काही अंशांत. पोलाद ताणलं जात असेल तर विरोध त्याच उंचीवर टिकतो. आटे जात असतील तर तो खाली घसरतो. त्या काही अंशांच्या काळात माझा श्वास नेहमी अडकलेला असतो, आणि तो तसा अडकायलाच हवा असंही वाटतं.

तर भोक. आटे गेल्यावर काय काय करता येतं? पहिली गोष्ट तपासायची ती खोली. पुष्कळदा बोल्ट भोकाच्या तळापर्यंत पोचतच नसतो आणि खाली कधीच न वापरलेले चांगले आटे असतात; तेव्हा थोडा लांब बोल्ट किंवा स्टड (बिनडोक्याचा बोल्ट) एवढ्यानेही बिनमहत्त्वाची जागा सावरते. दुसरा मार्ग मोठा बोल्ट. तो मला आवडत नाही, कारण मग वरच्या भागाचं भोकही मोठं करावं लागतं, आणि दहांत एक बोल्ट वेगळा झाला की पुढच्या माणसाला घोटाळ्यात टाकायची सोय होते. भोकात इपॉक्सी भरून आटे उठवणारेही असतात. एखाद्या पत्र्याच्या कव्हरच्या स्क्रूला ते चालेल. जिथे टनांचा हिशेब आहे तिथे त्याचं नावही काढू नये. वेल्डिंगने भोक भरून नव्याने आटे पाडता येतात, पण त्या उष्णतेने आसपासचा धातू वाकतो आणि नरमतो. राहतो तो इन्सर्टचा मार्ग, म्हणजे भोक मोठं करून त्यात पोलादी आटे बसवायचे. त्यात एक म्हणजे हेलिकॉइल, स्टेनलेस पोलादाच्या शंकरपाळ्याच्या छेदाच्या तारेचं वेटोळं. दुसरा प्रकार अखंड बुशचा, ज्याच्या बाहेरूनही आटे आणि आतूनही. टाइम-सर्ट त्यातलंच. कॅम कव्हर, वॉटर पंप, सम्पचे सहा-आठ मिमीचे बोल्ट यांना मी निःशंकपणे हेलिकॉइल बसवतो. हेडच्या बोल्टाला मात्र मी बुशच निवडतो. हेलिकॉइल तिथे टिकत नाही असं नाही, पण बुशला वरच्या बाजूला कॉलर असते आणि तळाचे आटे बसवतानाच फुगवून ब्लॉकमध्ये जखडता येतात, त्यामुळे पुढे बोल्ट काढताना तो सोबत फिरून वर येत नाही.

कामाला लागण्याआधी सगळ्यांत जास्त वेळ गेला तो झाकाझाकीत. सिलिंडरांत कापड, पाण्याच्या वाटांत कापड, आणि तेलाची वाट तर कापडावर चिकटपट्टी लावून बंद. क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) आणि त्याच्या बेअरिंगमधली फट 0.03 ते 0.05 मिमीच्या दरम्यान असते. अ‍ॅल्युमिनियमचा डोळ्याला जेमतेम दिसणारा एक कण तेलाच्या वाटेत शिरला की तो तिथेच जाऊन पोचतो आणि बेअरिंगच्या मऊ थरात रुतून शाफ्टला ओरखडे काढत बसतो. एका भोकाच्या दुरुस्तीपायी अख्खं इंजिन जाऊ शकतं ते असं. ड्रिलच्या आणि टॅपच्या खाचांत जाड ग्रीस भरलं म्हणजे कीस तिथेच चिकटतो. थोडं कातलं की बाहेर काढायचं, पुसायचं, नवं ग्रीस भरायचं, पुन्हा आत.

आणि मग काटकोन. बुशचे आटे कितीही सुबक असले तरी भोक एक-दोन अंशांनी तिरकं गेलं तर बोल्ट वाकूनच बसणार, त्याचं डोकं एका कडेवर टेकणार आणि सगळा ताण पहिल्या आट्याच्या एका बाजूवर येणार. म्हणून हाताच्या अंदाजाने ड्रिल धरायचं नाही. जाड पोलादी पट्टीत मापाचं भोक पाडून घेतलं, ती पट्टी शेजारच्या दोन चांगल्या भोकांत बोल्ट घालून ब्लॉकवर जखडली, आणि तिच्यातून ड्रिल सोडलं. ड्रिल हळू फिरवायचं. जुन्या आट्यांचे अवशेष निघताना आधी ते थोडं थरथरलं, मग धातू भरीव लागला तसा आवाज बदलला, एका सुरात आला. पातीसारखा लांब, चमकता कीस वर येऊ लागला. खाली पांढरी भुकटी संपून चांगलं, उजळ अ‍ॅल्युमिनियम दिसलं तेव्हा मला झालेला आनंद मी कुणाला नीट सांगू शकणार नाही. खराब भाग निघून गेला होता आणि त्याच्या मागे इंजिन अजून निरोगी होतं.

नंतर टॅप. इथे मिस्त्रींची दोन बोटं मनगटावर जाणवतात, अजूनही. अर्धा पुढे, पाव मागे. भोक आंधळं, म्हणजे तळाशी बंद, असल्यामुळे तळाशी पोचण्याआधीच थांबायला हवं. मी टॅपवर खोलीची खूण करून घेतो. कातून झाल्यावर ब्रश, पातळ सॉल्व्हंट, पुन्हा ब्रश, मग भोकावर कापड धरून हवा. हवा मारताना कापड नसेल तर कीस सरळ डोळ्यांकडे येतो. पूर्ण कोरडं झाल्यावर बुशच्या बाहेरच्या आट्यांवर आटे पकडून ठेवणारं चिकटद्रव्य, आणि हत्याराला तेल. बुश खाली जाताना आधी सहज फिरतो. कॉलर टेकली की जड होतो. मग हत्यार बुशच्या तळाच्या आट्यांतून जबरदस्तीने वाट काढू लागतं, हाताला चांगलाच जोर पडतो, आणि एकाएकी सैल होतं. तळाचे आटे बाहेर फुगून ब्लॉकमध्ये घुसले, एवढाच त्याचा अर्थ. हेलिकॉइल असता तर शेवटचं काम त्याची आडवी शेपटी तोडून बाहेर काढण्याचं असतं, आणि ती चिमट्यात प्रत्यक्ष दिसेपर्यंत पुढे सरकायचं नसतं.

हे सगळं एका विकतच्या संचातून होतं, म्हणजे ड्रिल, टॅप, हत्यार, बुश सगळं एकमेकांना बरोबर बसणारं, आणि त्याचं आपल्याला काहीच वाटत नाही. मला वाटतं. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एका यंत्राचा नट दुसऱ्याला लागेल याची खात्री नसे. इंग्लंडमध्ये हेन्री मॉड्स्लेने 1800 च्या सुमारास आटे अचूक कातणारं लेथ उभं केलं, आणि त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये सगळ्यांसाठी एकच पद्धत सुचवली, 55 अंशांच्या कोनाची. अमेरिकेत विल्यम सेलर्सने 1864 मध्ये 60 अंशांचा कोन मांडला, आणि आजचे मेट्रिक आटेही 60 अंशांचेच आहेत. दहा मिमी व्यास, दीड मिमी अंतर, साठ अंश कोन. जगात कुठेही ओतलेल्या ब्लॉकमध्ये, कुठेही तयार झालेला बुश बसतो तो एवढ्या तीन आकड्यांवर लोकांनी एकमत केलं म्हणून. दुरुस्ती शक्य होणं हीच त्या लोकांची मला मोठी देणगी वाटते.

आता मित्राचा शब्द. कच्ची जागा. दहा मिमीच्या बोल्टासाठी साधं हेलिकॉइल बसवायचं तरी भोक सुमारे 10.4 मिमीचं पाडतात आणि त्याचे बाहेरचे आटे जवळजवळ 12 मिमी व्यासाचे होतात. अ‍ॅल्युमिनियमला आता दहाच्या ऐवजी बारा मिमीच्या वर्तुळात पकडायचं आहे. कातरलं जाण्याआधी जेवढा धातू आडवा येतो तो साधारण वीस टक्क्यांनी वाढला. आतल्या बाजूला बोल्टाशी घासतं ते पोलाद, अ‍ॅल्युमिनियमला पुन्हा कुणी हातच लावणार नाही. कितीही वेळा बोल्ट काढा, घाला. म्हणजे त्या कोपऱ्यात इंजिन आता कारखान्यातून निघालं तेव्हापेक्षाही जास्त भक्कम आहे. हे मी त्याला कागदावर वर्तुळं काढून दाखवलं. त्याने मान डोलावली, पण चेहऱ्यावर ते पूर्ण उतरलं नाही.

त्याला पटावं म्हणून मी आणखी एक गोष्ट सांगितली, आणि सांगता सांगता ती मला स्वतःलाच जास्त पटत गेली. फोक्सवॅगनच्या बीटलसारख्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनांचं क्रँककेस, म्हणजे क्रँकशाफ्ट ज्यात बसतो ती पेटी, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचं असे, अ‍ॅल्युमिनियमहूनही हलकं. सिलिंडर आणि हेड लांब स्टडांनी त्यावर आवळलेले असत. इंजिनं मोठी आणि गरम होत गेली तसे स्टड क्रँककेसमधून आटे घेऊन उपटून येऊ लागले. उपाय म्हणून स्टड जाड करतील असं कुणालाही वाटेल. पुढे, 1970 च्या दशकात, कंपनीने उलट दहा मिमीचे स्टड आठ मिमीचे केले आणि क्रँककेसमध्ये सुरुवातीपासूनच पोलादी इन्सर्ट बसवले. जाड स्टड ताठ असतो. सिलिंडर तापून वाढला की तो हटत नाही, सगळी ओढ आट्यांवर काढतो. बारीक स्टड तेवढ्याच वाढीला लवतो, त्याच्या छेदाच्या प्रमाणात ओढ एक तृतीयांशाहून जास्त कमी होते. आणि इन्सर्ट? तो नव्या कोऱ्या क्रँककेसमध्ये होता. तिथे काहीच बिघडलेलं नव्हतं. जी गोष्ट आपण ठिगळ म्हणून पाहतो ती तिथे नकाशावरच आखलेली होती. विमानांच्या इंजिनांतही हलक्या धातूच्या भागांना असे इन्सर्ट मुळातूनच बसवतात.

हे ऐकून तो थोडा वेळ गप्प राहिला, आणि मग त्याने दुसरा प्रश्न विचारला. “मग उरलेल्या नऊंचं काय?”

तो प्रश्न पहिल्याहून कितीतरी खरा होता. तेच पाणी, तीच उष्णता, तेवढीच वर्षं त्या नऊ भोकांनीही पाहिलेली होती. सुटताना ‘टक्’ वाजलं याचा अर्थ इतकाच की त्या दिवसापर्यंत ते धरून होते. नवे बोल्ट कोनात फिरवून आवळताना त्यांच्यावर पूर्ण ताण येणार होता, आणि तो नवं गॅस्केट घालून, हेड चढवून, सगळं जुळवून झाल्यावर. मी आधी चाचणी घ्यायचं ठरवलं. भोकं ब्रशने आणि सॉल्व्हंटने धुऊन पूर्ण कोरडी केली. तळाशी तेल किंवा पाणी साचलेलं राहिलं तर बोल्ट खाली जाताना ते दाबलं जातं, त्याला जायला जागा नसते, आणि ब्लॉक चिरतो. आट्यांतून टॅप नाही फिरवला, आटे साफ करणारा चेसर फिरवला. टॅप कातायला बनलेला असतो, दमलेल्या आट्यांतला थोडा धातू तो घेऊनच जातो. मग हेडच्या उंचीएवढी जाड नळी ब्लॉकवर ठेवून, तिच्यातून जुना बोल्ट घालून, आट्यांना तेलाचा नेमका तेवढाच हात लावून प्रत्येक भोक आवळून पाहिलं. तेलाचं प्रमाण इथे लहानसहान बाब नाही. पान्यावर जो जोर आपण लावतो त्यातला निम्मा बोल्टाच्या डोक्याखाली घासण्यात जातो, चाळीस टक्के आट्यांत, आणि बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. घर्षण थोडं बदललं की तोच टॉर्क वाचूनही बोल्टावरचा ताण भलताच वेगळा पडतो.

पुढच्या ओळीतली भोकं नीट उभी राहिली. मागच्या दोन भोकांत मात्र विरोध चढता चढता मधेच मवाळ झाला. घसरला नाही, पण जितका चढायला हवा तितका चढला नाही. ठरलेला टॉर्क आल्याचा खटका टॉर्क रेंचने दिला होता. यंत्राच्या हिशेबी ती दोन्ही पास होती. मी आणि मित्र बराच वेळ त्या दोन भोकांबद्दल बोलत राहिलो, आणि बोलताना माझ्या लक्षात आलं की आता दुरुस्त केलेल्या भोकाबद्दल आमच्यापैकी कुणीच काही म्हणत नव्हतं. काळजी होती ती ज्यांना हात लागला नव्हता त्यांची. दोनच करायची, मागची सगळी करायची, की दहाही? प्रत्येक नव्या भोकाबरोबर ड्रिल तिरकं जायचा, कीस आत राहायचा धोका पुन्हा पहिल्यापासून घ्यायचा असतो, हे विसरून चालत नाही. जी भोकं चांगली आहेत ती केवळ समाधानासाठी कापायची याला माझं मन सहसा तयार होत नाही. पण इथे भोकं एकाच ब्लॉकमधली होती, एकाच पाण्यात मुरलेली, आणि हेड पुन्हा उघडावं लागलं तर गॅस्केट, बोल्ट, मेहनत सगळंच वाया. त्यातून दहा बोल्टांनी सारखं ओढणं ही हेडची मुख्य गरज. काही भोकं पोलादाची आणि काही थकलेल्या अ‍ॅल्युमिनियमची ठेवण्यापेक्षा सगळी सारखी असलेली बरी.

पट्टी सोडली, पुढच्या भोकावर जखडली, कापडं पुन्हा तपासली, ड्रिलला नवं ग्रीस भरलं. प्रत्येक भोकातून निघालेला कीस मी वेगळ्या कागदावर ठेवत गेलो. मागच्या दोन भोकांतला कीस तुटक आणि राखाडी निघाला, पुढच्यांतला लांब आणि उजळ. मित्राने तो स्वतः पाहिला आणि त्या दोन भोकांबद्दलचा वाद तिथेच मिटला. हेड चढवून नवे बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने कोनात फिरवले तेव्हा दहाही ठिकाणी विरोध चढला आणि चढून टिकला. नंतर मित्राने गाडीच्या कागदांबरोबर ठेवलेल्या वहीत लिहिलं: हेडचे दहाही बोल्ट, एम10, अंतर 1.5, पोलादी बुश, कूलंट नवं. मी त्याखाली बुशची लांबी आणि भोकांची खोली लिहिली, कारण पुढे कुणी हे हेड उघडलं तर त्याला बोल्ट किती लांब घ्यायचा हे आधी कळायला हवं.